सात पट्ट्या आणि एक तक्ता : सेगमेंट डिस्प्लेच्या ड्रायव्हरचा इतिहास

प्रस्तावना

आपल्यापैकी अनेकांनी मायक्रोप्रोसेसरच्या प्रयोगशाळेत ८०८५ चे किट हाताळले असेल. लाल रंगाचे सहा अंक, डावीकडचे चार पत्त्यासाठी आणि उजवीकडचे दोन डेटासाठी. माझ्या विद्यार्थिदशेत आमच्या वाट्याला आलेल्या किटवर डेटाच्या डाव्या अंकाची वरची उजवी पट्टी जळलेली होती. ४४ आणि ४४ या सोळापायी संख्यांची बेरीज ८८ यायला हवी. काचेवर ६८ दिसत होते. अर्धा तास आम्ही प्रोग्रामची एकेक ओळ तपासली. प्रोग्राम बरोबर होता, मेमरीत ८८ च होते. आठातून ती एक पट्टी वजा केली की सहा उरतो, आणि तो सहा इतका नीटनेटका दिसतो की त्याच्यावर संशय घ्यावा असे कोणाच्या मनातही आले नाही.

संगणकाच्या आतली संख्या आणि काचेवर उजळलेली आकृती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांच्यामध्ये जो दुभाषा उभा असतो त्याला आज आपण ड्रायव्हर म्हणतो. या पाठात लिनक्स कर्नलमधील सेव्हन सेगमेंट डिस्प्लेच्या ड्रायव्हरचा इतिहास पाहायचा आहे. पण कर्नलपाशी पोहोचण्याआधी बरेच मागे जावे लागेल, कारण ड्रायव्हर जी कामे करतो ती कामे ड्रायव्हर हा शब्द रुळण्यापूर्वीही कोणीतरी करतच होते.

ही कामे तीन आहेत. कोणत्या अंकासाठी कोणत्या पट्ट्या लावायच्या हे माहीत असणे, म्हणजे आकार. कोणती पट्टी कोणत्या तारेवर आहे हे माहीत असणे, म्हणजे जोडणी. आणि अंक डोळ्यांना स्थिर दिसावा म्हणून त्या पट्ट्या योग्य क्षणी लावत राहणे, म्हणजे वेळ. पुढचा सगळा इतिहास ही तीन कामे कोणाच्या गळ्यात पडली याचा आहे.

आकाराचे ज्ञान सिलिकॉनमध्ये

पट्ट्यांपासून अंक बनवण्याची कल्पना एलईडीपेक्षा बरीच जुनी आहे. अमेरिकेत फ्रँक वुड यांना १९१० मध्ये अशा प्रकाशित अंकाचे पेटंट मिळाले. त्यात सात नव्हे, आठ पट्ट्या होत्या. आठवी तिरपी पट्टी केवळ इंग्रजी चारचा आकार नीट यावा म्हणून. पुढे ती तिरपी पट्टी गेली आणि चार कोनाड्यासारखा चौकोनी झाला. वाचकाने आपला डोळा यंत्राच्या सोयीने वळवून घ्यावा, अशी ही तडजोड आहे, आणि आपण सर्वांनी ती कधीच मान्य केली आहे.

निक होलोनियाक यांनी जनरल इलेक्ट्रिकमध्ये दृश्य लाल प्रकाश देणारा एलईडी १९६२ मध्ये बनवला. १९६८ च्या सुमारास मोन्सँटो आणि ह्यूलेट-पॅकार्ड या कंपन्या लाल एलईडीच्या व्यापारी उत्पादनाकडे वळल्या. १९७२ मध्ये एचपी-३५ हा खिशात मावणारा शास्त्रीय कॅल्क्युलेटर ३९५ डॉलरला बाजारात आला, त्याचे अंक लाल एलईडीचेच होते.

त्या काळातील सर्वसाधारण मंडलात आकाराचे ज्ञान एका चिपमध्ये कोरलेले असे. ७४४७ ही ती चिप. चार तारांवर शून्य ते नऊ यांपैकी संख्या द्यायची, सात तारांवर पट्ट्यांचे संकेत मिळायचे. प्रोसेसरला पट्ट्यांविषयी काहीच ठाऊक नसे. व्यवस्था स्वच्छ होती, पण कडकही. ७४४७ चा सहा वरच्या आडव्या पट्टीशिवाय आणि नऊ खालच्या आडव्या पट्टीशिवाय दिसतो. ज्यांना ते आवडले नाही त्यांच्यासाठी ७४२४७ ही वेगळी चिप काढावी लागली, आणि तिच्यात फरक मुख्यतः या दोन शेपट्यांचा! दहा ते चौदा या संख्या दिल्या तर ७४४७ विचित्र खुणा दाखवते आणि पंधरा दिला तर अंधार करते. सोळापायी ए ते एफ दाखवायचे असतील तर तिचा उपयोग नाही. अक्षर बदलायचे तर चिप बदला, हा त्या व्यवस्थेचा नियम होता.

या चिपला एक पिन अशी होती की ती जमिनीला जोडली की सातही पट्ट्या एकदम उजळत. तिला लॅम्प टेस्ट म्हणतात. आमच्या किटवरील जळकी पट्टी या पिनने एका क्षणात पकडली असती.

आकार सॉफ्टवेअरमध्ये उतरतो

आकाराचे ज्ञान चिपमधून काढून प्रोग्रामच्या तक्त्यात ठेवण्याचे एक ठळक उदाहरण अपोलो यानाच्या संगणकात सापडते. अंतराळवीरांसमोरच्या डीएसकेवाय या फलकावर हिरवट प्रकाशाचे, विद्युत्दीप्तीवर चालणारे सेगमेंट अंक होते. प्रत्येक अंकासाठी संगणक ५ बिटांचा संकेत पाठवी. त्या संकेतात शून्यासाठी २१, एकसाठी ३ आणि आठसाठी २९ असे आकडे होते. म्हणजे त्यांचा अंकाच्या किमतीशी संबंध नव्हता, रिलेंच्या जोडणीशी होता. हा तक्ता सॉफ्टवेअरमध्ये होता. जुलै १९६९ मध्ये चंद्रावर उतरताना १२०२ हा धोक्याचा संकेत याच फलकावर वाचला गेला.

अपोलोची एक सोय लक्षात घ्यावी. रिले एकदा चिकटला की चिकटलेलाच राहतो. संगणकाने अंक एकदा पाठवला की पुन्हा त्याच्याकडे पाहण्याची गरज नव्हती. आकार सॉफ्टवेअरकडे आला होता, वेळ मात्र रिलेच सांभाळत होते. आणि तिथेही लॅम्प टेस्ट होतीच: ३५ क्रमांकाचे क्रियापद टाकले की फलकावर सगळीकडे आठ उमटत.

वेळेचे ओझेही सॉफ्टवेअरवर पडले ते स्वस्त मायक्रोसंगणकांच्या काळात. १९७६ चा केआयएम-१ हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. १ मेगाहर्ट्झचा ६५०२ प्रोसेसर, १ किलोबाइट रॅम आणि सहा लाल अंक, किंमत २४५ डॉलर. सहा अंकांना सात-सात तारा द्यायच्या तर ४२ तारा लागतील. म्हणून सर्व अंकांच्या पट्ट्या समाईक तारांवर घेतल्या, आणि एका वेळी एकच अंक जागा ठेवायचा असे ठरवले. पहिला अंक लावा, क्षणभर थांबा, विझवा, दुसरा लावा. हे चक्र पुरेशा वेगाने फिरले की डोळ्यांना सहाही अंक एकत्र उजळलेले दिसतात. याला मल्टिप्लेक्सिंग म्हणतात. केआयएम-१ च्या रॉममध्ये हे चक्र एकदा फिरवणारा एक उपप्रोग्राम होता. आपला प्रोग्राम चालू असताना अंक दिसत राहावेत असे वाटत असेल, तर तो उपप्रोग्राम सतत बोलावत राहणे भाग होते. गणित करण्यात प्रोसेसर गुंतला की काच काळी.

इंटेलच्या एसडीके-८५ किटने वेगळा मार्ग घेतला, आणि आपल्या देशातील महाविद्यालयांत पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेलेली ८०८५ ची किट त्याच घराण्यातली. तिथे ८२७९ नावाची स्वतंत्र चिप अंकांचे चक्र फिरवी आणि जोडीने कीबोर्डही तपासे. तिच्या १६ बाइटच्या मेमरीत आकार लिहून ठेवले की प्रोसेसर मोकळा. म्हणजे आकार सॉफ्टवेअरकडे, वेळ चिपकडे. ही वाटणी मला आजही सर्वात शहाणपणाची वाटते. पुढे कर्नलही फिरून तिथेच आला.

पण जोडणीचा घोळ मात्र या काळात भरपूर झाला. केआयएम-१ च्या तक्त्यात शून्याचा संकेत १९१ आहे. वरचा एक बिट सोडला तर ६३ उरतात. पट्ट्यांना वरून घड्याळाच्या दिशेने ए ते एफ आणि मधलीला जी म्हणतात. ए ला १, बी ला २, सी ला ४ असे मोल देत गेले तर शून्याच्या सहा पट्ट्यांची बेरीज ६३ येते. एसडीके-८५ मध्ये तोच शून्य २४३ होतो, कारण तिथे तारांचा क्रम वेगळा. एकसाठी पहिल्या पद्धतीने ६, दुसऱ्या पद्धतीने ९६. एका किटसाठी लिहिलेला तक्ता दुसऱ्या किटवर नेला की कोड्यातली चित्रे उमटत, याचे कारण हेच. त्या काळात आकार आणि जोडणी ही दोन ज्ञाने एकाच आकड्यात वितळवली जात. २४३ पाहून हा शून्याचा आकार आहे की इंटेलच्या तारांचा क्रम, हे सांगता येत नाही. दोन्ही आहे.

लिनक्समधील पहिली पावले

१९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स सुरू केले तेव्हा ते पीसीसाठी होते, आणि पीसीच्या पडद्यावर हजारो अक्षरे मावतात. सात पट्ट्यांच्या अंकाची तिथे कोणाला आठवण येणार? तो प्रश्न मागच्या दाराने आला, तोही एलईडीच्या नव्हे तर एलसीडीच्या रूपात.

२००५ मध्ये कर्नलमध्ये यीलिंक कंपनीच्या यूएसबी टेलिफोनचा ड्रायव्हर दाखल झाला. त्या फोनच्या छोट्या काचेवर सेगमेंटचे अंक होते. ड्रायव्हर लिहिणाऱ्याने आकारांचा तक्ता आपल्या फाइलमध्ये गुंतवून टाकला नाही. तो एका वेगळ्या हेडर फाइलमध्ये काढला. तिचे नाव ‘मॅप टू सेव्हन सेगमेंट’. आस्कीच्या १२८ अक्षरांसाठी १२८ बाइट, प्रत्येक बाइटमध्ये सात पट्ट्यांचे सात बिट. क्रम तोच, ए ला १ पासून जी ला ६४ पर्यंत. शून्य ६३, चार १०२, आठ १२७. प्रत्यक्ष यंत्राच्या तारा कशाही असोत, त्यांचा अनुवाद ड्रायव्हरने नंतर करावा. किट्सच्या काळात वितळून गेलेली दोन ज्ञाने इथे पुन्हा वेगळी झाली. एवढीशी फाइल, पण माझ्या मते या इतिहासातला सर्वात महत्त्वाचा निर्णय तिच्यात आहे.

दुसरा निर्णय त्याच फाइलच्या आधाराने घेतला गेला: तक्ता बदलता यावा. २००३ च्या अखेरीस आलेल्या २.६ मालिकेच्या कर्नलमध्ये सिसएफएस ही व्यवस्था होती. तिच्यामुळे ड्रायव्हरच्या आतील एखादी गोष्ट वापरकर्त्याला साध्या फाइलसारखी दिसते. वाचली की सद्यःस्थिती कळते, लिहिली की बदलते. यीलिंकच्या ड्रायव्हरने आपला १२८ बाइटचा तक्ताच अशा फाइलीतून खुला केला. सहाला शेपटी हवी की नको हा वाद ज्याने त्याने आपापल्या घरी सोडवावा. ज्या गोष्टीसाठी एकेकाळी ७४२४७ ही नवी चिप काढावी लागली होती, तिच्यासाठी आता एक फाइल लिहिणे पुरे झाले.

पुढचा ड्रायव्हर खऱ्याखुऱ्या सेव्हन सेगमेंट एलईडीचा, तोही यूएसबीवर चालणारा. डेलकॉम कंपनीचे हे उपकरण होते आणि त्याचा ड्रायव्हर २००८ मध्ये आला. त्याचा सांगाडा ग्रेग क्रोआ-हार्टमन यांच्या त्याच कंपनीच्या यूएसबी दिव्यासाठी लिहिलेल्या ड्रायव्हरवरून घेतला होता. क्रोआ-हार्टमन हे ‘लिनक्स डिव्हाइस ड्रायव्हर्स’ या पुस्तकाच्या २००५ मधील तिसऱ्या आवृत्तीचे एक लेखक. दिव्याचा तो ड्रायव्हर मुळात शिकण्यासाठीच्या नमुन्यासारखा होता, आणि नमुन्यावरून नवे काम उभे राहिले.

या ड्रायव्हरमध्ये मजकूर लिहिण्याची एक फाइल होती आणि तिच्या शेजारी पद्धत निवडण्याची दुसरी. पद्धती तीन. आस्की म्हणजे मी अक्षर देतो, आकार तू ठरव. हेक्स म्हणजे मी संख्या देतो, आकार तू ठरव. रॉ म्हणजे आकार मीच देतो, तू फक्त पोहोचव. लिहिणाऱ्याने आकाराचा हक्क कोणाचा हा प्रश्न न सोडवता तिन्ही दारे उघडी ठेवली. तेव्हा ते योग्यच होते. पण प्रत्येक ड्रायव्हर अशी आपली वेगळी फाइलनावे आणि वेगळ्या पद्धती घेऊन येऊ लागला, तर प्रोग्राम लिहिणाऱ्याला किट्सच्या काळातला तोच घोळ पुन्हा भोगावा लागला असता. फक्त तारांच्या जागी फाइलींची नावे आली असती.

समाईक घर

कर्नलमध्ये ‘ऑक्सडिस्प्ले’ नावाचा विभाग २००७ च्या सुमारास आला. मिगेल ओहेदा यांनी एका छोट्या एलसीडीसाठी लिहिलेले ड्रायव्हर ही त्याची सुरुवात. (पुढे कर्नलमध्ये रस्ट भाषा आणण्याच्या कामाचे नेतृत्व करणारे ओहेदा ते हेच.) मुख्य पडदा नव्हे, पण माणसाने वाचायचे काहीतरी, अशा उपकरणांचे हे घर.

२०१६ मध्ये या घरात मिप्स प्रोसेसरच्या विकास बोर्डांवरील अक्षरपट्टीसाठी एक ड्रायव्हर आला. त्याने ‘मेसेज’ नावाची एकच फाइल दिली. तिच्यात काहीही लिहा. पट्टीत मावले नाही तर मजकूर आपोआप सरकत राहील. काही लिहिलेच नाही तर लिनक्सचे नाव आणि आवृत्ती सरकत राहते. ही सोय दिसायला गमतीची आहे, पण बोर्ड नीट सुरू झाला का, एवढे कळायलाच ज्याने रात्र घालवली आहे त्याला तिची किंमत ठाऊक असते.

२०२१ मध्ये गेर्ट उइटरहूवेन यांनी या ड्रायव्हरमधला समाईक भाग बाहेर काढून ‘लाइन डिस्प्ले’ नावाचे छोटे ग्रंथालय बनवले, १४ पट्ट्यांच्या अंकासाठी दुसरा तक्ता जोडला, आणि होल्टेकच्या एचटी१६के३३ या चिपच्या ड्रायव्हरला सेगमेंट डिस्प्ले शिकवले. हे बदल ५.१६ आवृत्तीत आले. एचटी१६के३३ दोन तारांवर बोलते, आपल्या आत आकार साठवते, अंकांचे चक्र स्वतः फिरवते आणि वर कीबोर्डही तपासते. ८०८५ च्या प्रयोगशाळेतून आलेल्या विद्यार्थ्याला इथे ओळखीचा चेहरा दिसेल: हा ८२७९ चाच वारस.

वेळेचे काम कर्नलने स्वतःकडे का घेतले नाही, हे जरा गणिताने पाहू. कर्नलच्या साध्या घड्याळाचे ठोके जुन्या काळी पीसीवर सेकंदाला १०० असत, म्हणजे दर १० मिलिसेकंदांनी एक. चार अंक आळीपाळीने लावायचे तर एक फेरी ४० मिलिसेकंदांची, सेकंदाला २५ फेऱ्या. हे लुकलुकणे डोळ्यांना स्पष्ट जाणवते. ठोके २५० केले तर फेरी १६ मिलिसेकंदांची होते, सेकंदाला ६२ च्या आसपास; हे चालण्यासारखे आहे. पण केआयएम-१ वर प्रोसेसर एकाच प्रोग्रामचा होता; लिनक्समध्ये शेकडो कामे रांगेत असतात. डिस्क किंवा नेटवर्कच्या गडबडीत एखाद्या अंकाची पाळी दोन-चार मिलिसेकंद लांबली, तर आधीचा अंक तेवढा वेळ जास्त लागून राहतो आणि इतरांपेक्षा ठळक दिसतो. सूक्ष्म टायमर पुढे आले, त्यांनी हे दुखणे कमी होते, पण चार दिव्यांसाठी प्रोसेसरला सेकंदाला शेकडो वेळा उठवण्याची किंमत उरतेच. म्हणून अनेक अंक असतील तर चक्र चिपने फिरवावे आणि कर्नलने फक्त आकार द्यावा, ही वाटणी टिकली.

एकाच अंकाचा ड्रायव्हर

मग ज्या बोर्डावर चिपच नाही, एकच अंक आहे आणि त्याच्या सात पट्ट्या थेट प्रोसेसरच्या सात पिनांना जोडल्या आहेत, त्याचे काय? सर्वात साधी हीच स्थिती, आणि तिचा सर्वसाधारण ड्रायव्हर कर्नलमध्ये यायला २०२४ साल उजाडले. मे २०२४ मधील ६.९ आवृत्तीत तो दिसतो. त्यामागची गरज नेटवर्क स्विचवरील एकाकी अंकाची होती.

इतका उशीर का, याचे माझे उत्तर असे. आकाराचा तक्ता २००५ पासून होता. वेळेचा प्रश्न एका अंकाला नसतोच. अडले होते जोडणीपाशी. कोणती पट्टी कोणत्या पिनवर, आणि पिन वर गेली की पट्टी लागते की खाली गेली की, हे प्रत्येक बोर्डाचे वेगळे असते. कॉमन ॲनोड आणि कॉमन कॅथोड हा भेद तुम्ही प्रयोगशाळेत शिकलाच आहात. पूर्वी एआरएम बोर्डांची अशी माहिती सी भाषेतील बोर्डनिहाय फाइलींमध्ये कर्नलच्या आतच लिहिली जाई. त्या फाइलींचा इतका पसारा झाला की २०११ मध्ये खुद्द टोरवाल्ड्स यांनी उघड नाराजी व्यक्त केली. त्यानंतर एआरएमचे जग डिव्हाइस ट्रीकडे वळले. डिव्हाइस ट्री म्हणजे बोर्डाचे वर्णन करणारी वेगळी फाइल. कर्नल सुरू होताना ती वाचतो. तीत सात पिनांची यादी ए ते जी या क्रमाने द्यायची, आणि प्रत्येकीपुढे उलटी की सुलटी हे लिहायचे. जोडणीचे ज्ञान ड्रायव्हरमधून पूर्णपणे बाहेर पडले.

तीनही ओझी अशी उतरल्यावर ड्रायव्हरमध्ये काय उरले? शे-सव्वाशे ओळी. तुम्ही पहिला ड्रायव्हर वाचायला घेणार असाल तर हाच घ्या. सुरुवातीचे फलन डिव्हाइस ट्रीमधून पिनांची यादी मागते, ती सातपेक्षा कमी असेल तर चूक कळवून थांबते, आणि मग लाइन डिस्प्लेच्या ग्रंथालयात एका अक्षराची पट्टी म्हणून आपली नोंद करते. ‘मेसेज’ फाइल, सरकणारा मजकूर, बदलता तक्ता हे सगळे ग्रंथालयातून आयते मिळते. दुसरे फलन अक्षराचा आकार तक्त्यातून घेऊन सात पिनांवर एकदम ठेवते.

यात एकच जागा नवशिक्याला अडवते. अक्षर बदलले की ड्रायव्हर पिना तिथल्या तिथे हलवत नाही; काम एका रांगेत टाकतो आणि कर्नलचा वेगळा कामगार ते नंतर करतो. असे का? मजकूर सरकवण्याचे काम टायमर करतो, आणि टायमरच्या फलनात झोपायला, म्हणजे कशाची वाट पाहत थांबायला, मनाई असते. पण त्या सात पिना प्रोसेसरच्या स्वतःच्या असतील असे नाही. दोन तारांच्या दुव्यापलीकडे बसलेल्या विस्तारक चिपच्या असल्या, तर तिच्याशी बोलताना थांबावेच लागते. म्हणून काम अशा ठिकाणी न्यायचे जिथे थांबलेले चालते. ड्रायव्हर लिहिणे म्हणजे यंत्राचे रजिस्टर पाठ असणे, असे पुष्कळांना वाटते. या ड्रायव्हरमध्ये एकही रजिस्टर नाही. आपण कोणत्या संदर्भात उभे आहोत आणि तिथे काय करायला मुभा आहे, एवढेच ज्ञान त्याला लागते.

हे सगळे कर्नलमध्ये हवेच होते का, असा प्रश्न वर्गात हटकून येतो. रास्पबेरी पायवर पायथनच्या वीसेक ओळींत अंक लावता येतो, हे खरे आहे, आणि घरच्या प्रयोगासाठी मी तेच सुचवेन. पण विकायच्या स्विचवर तो अंक वापरकर्त्याचा कोणताही प्रोग्राम सुरू होण्याआधीपासून काही सांगत असावा लागतो, आणि बोर्ड बदलला तरी वरचा प्रोग्राम बदलू नये अशी अपेक्षा असते. तिथे पायथनच्या त्या वीस ओळी अपुऱ्या पडतात.

१२८ जागांबाहेरचे अंक

आता तक्त्याकडे परत येऊ. त्याच्या १२८ जागा आस्कीच्या. ड्रायव्हरने विचारलेले अक्षर या मर्यादेबाहेर असेल तर तक्त्याचे फलन ‘अवैध’ असे उत्तर देते. देवनागरी शून्याचा युनिकोड क्रमांक २४०६ आहे, आणि यूटीएफ-८ मध्ये तो ज्या तीन बाइटांनी लिहिला जातो ते तिन्ही १२७ पेक्षा मोठे आहेत. म्हणजे हा लेख ज्या अंकांत छापला आहे, त्यांतील एकालाही त्या तक्त्यात जागा नाही.

यात कोणाचा दुष्ट हेतू शोधू नये. संघराज्याच्या शासकीय कामासाठी आपल्याच राज्यघटनेच्या ३४३ व्या अनुच्छेदाने भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप ठरवले आहे, आणि तेच जगभरच्या काचेवर दिसते. शिवाय अडचण तक्त्याआधी काचेतच आहे. देवनागरी ० सात पट्ट्यांवर सहज येतो. ३ येतो. ६ म्हणजे उलटा ३. तो काढला की इंग्रजी मोठ्या ई सारखा दिसतो, तरी ओळखता येतो. १ काढायला गेलो तर तो इंग्रजी नऊपासून वेगळा करता येत नाही. ४ च्या एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या रेघांसाठी तर पट्ट्याच नाहीत. फ्रँक वुड यांची आठवी पट्टी असती तरी एकीनेच भागले नसते. बंगाली लिपीत धोका आणखी मोठा, कारण तिथला चार इंग्रजी आठसारखा आणि सात इंग्रजी नऊसारखा दिसतो. काचेवर आठाची आकृती दिसली आणि खाली लिपी सांगितलेली नसेल, तर बाजारातल्या वजनकाट्यावर चार किलो की आठ किलो?

तरीही प्रयोग करून पाहता येतो, आणि तो करण्यासाठी कर्नल पुन्हा बांधावा लागत नाही. ड्रायव्हर आपला तक्ता ज्या सिसएफएस फाइलीतून खुला करतो, तीतून १२८ बाइट उतरवून घ्या. आस्कीमधील इंग्रजी सहाचा क्रमांक ५४. त्या जागी १२१ लिहा, म्हणजे ए, डी, ई, एफ आणि जी या पट्ट्या. सगळे १२८ बाइट पुन्हा त्याच फाइलीत लिहा. आता ‘मेसेज’ फाइलीत आधी आठ पाठवा आणि सातही पट्ट्या लागतात ना हे डोळ्यांनी मोजून घ्या. मग सहा पाठवा. काचेवर देवनागरी ६ उमटेल.